पॉइंटवाली बुलेट सुरू होत नाही: बॅटरीपासून प्लगपर्यंत दोष शोधायची रीत

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट बंद पडली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी प्लग बदलतात, मग पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे, मिटणारे-उघडणारे संपर्क), मग कंडेन्सर, शेवटी कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजपासून स्पार्कचं मोठं व्होल्टेज बनवणारी). चार दिवसांनी कळतं, बॅटरीच्या अर्थचा, म्हणजे बॉडीला जोडलेल्या वायरीचा, नट ढिला होता. या गाडीत दोष सांगणारं मीटर कारखान्यातूनच बसवून आलेलं आहे, ते म्हणजे हेडलाइटच्या वरचं अँपिअर मीटर. टूलकिट सोडण्याआधी त्याची सुई काय म्हणते ते बघायचं. पुढची सगळी रीत तिथूनच निघते.

इथले आकडे १२ व्होल्टच्या, पॉइंट-कंडेन्सरच्या बुलेट ३५० चे आहेत. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीला व्होल्टचे आकडे निम्मे धरा, क्रम तोच ठेवा. पुढच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत पॉइंटच नसतात, त्यामुळे पॉइंट आणि कंडेन्सरचा भाग त्यांना लागू नाही. बॅटरी, अर्थ, वायरिंग आणि चार्जिंगचा बराचसा आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पट्ट्या), चपटा आणि फुली स्क्रूड्रायव्हर, पाने, प्लगपाना, २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डर व दोन वायरींसकट, आणि दोनेक मीटर १.५ चौरस मि.मी.ची वायर एवढं पुरतं.

आधी सुई वाचा

मीटर जिवंत आहे का ते प्रथम पाहा. इंजिन बंद ठेवून किल्ली लावा आणि हॉर्न वाजवा किंवा ब्रेक दाबा. सुई उणे बाजूला हलली पाहिजे. हॉर्न वाजतो पण सुई ढिम्म असेल, तर आधीच्या कोणीतरी मीटर बाजूला काढून वायरी थेट जोडलेल्या असतात किंवा मीटर जळालेलं असतं. अशा गाडीत मल्टिमीटरवरच काम करावं लागेल.

मीटर चालू असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, किल्ली लावा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशन लिव्हर दाबून धरा आणि किक पायाने हळूहळू खाली न्या. निरोगी गाडीत पॉइंट मिटलेले असताना सुई उणे ३ ते ४ अँपिअरवर जाते आणि पॉइंट उघडले की मध्यावर परत येते. पॉइंट ज्यात बसवलेले असतात त्या डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत सुईचं हे जाणं-येणं एकदाच होतं. म्हणून एका किकवर निर्णय करू नका, चार-पाच वेळा न्या.

सुई तीनपैकी एक गोष्ट सांगेल.

सुई जाते-येते: बॅटरी, किल्ली, कॉइलचं प्रायमरी (बॅटरीकडचं) वेटोळं आणि पॉइंट यांतून करंट वाहतोय आणि तुटतोय. दोष पुढे आहे: कंडेन्सर, कॉइलची हाय टेन्शन बाजू, एचटी (हाय टेन्शन) वायर, प्लगवरची कॅप, प्लग किंवा टायमिंग (स्पार्क पडायची वेळ).

सुई मध्यावरच राहते: करंट कुठेतरी अडला आहे. उतरलेली बॅटरी, उडालेला फ्यूज, खराब इग्निशन स्विच, सुटलेली वायर, कॉइलचं तुटलेलं वेटोळं, किंवा पॉइंट मिटतच नाहीत वा मिटूनही घाणीमुळे करंट जाऊ देत नाहीत.

सुई उणे बाजूला अडकून बसते: करंट वाहतोय पण तुटत नाही. पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा कॉइलपासून पॉइंटकडे जाणारी वायर बॉडीला लागली आहे.

इथे एक सक्त सूचना. इंजिन बंद असताना किल्ली लावून ठेवू नका. पॉइंट नेमके मिटलेले असतील तर कॉइलमधून साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट अखंड वाहतो, म्हणजे चाळीसेक वॉटची उष्णता छोट्याशा डब्यात कोंडते. कॉइल आतून भाजते, पॉइंट काळवंडतात आणि बॅटरी तासा-दोन तासांत बसते. तपासणीतही मोजमाप झालं की किल्ली लगेच बंद करायची.

बॅटरी आणि अर्थ

गाडी काही तास उभी राहिल्यावर, काही न जोडता बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.६ ते १२.८ असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. साडेदहाच्या आसपास अडकून बसत असेल तर एक सेल मेलेला आहे, ती बॅटरी चार्ज करून उपयोग नाही. पण नुसतं व्होल्टेज फसवतं. हॉर्न दाबून धरा आणि मल्टिमीटर पाहा. १२.६ दाखवणारी बॅटरी हॉर्नवर ९-१० वर आपटत असेल, तर प्लेटा सल्फेट झाल्या आहेत किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर बसला आहे. आधी टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडी करून पुन्हा मोजा. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या भागाने करा: ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी पाहून घ्या. खूप जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांत अधिक टोक बॉडीला असू शकतं. १२ व्होल्टच्या गाडीत उणे असतं, आणि पुढचं सगळं तेच धरून लिहिलं आहे.

अर्थची वायर म्हणजे या गाडीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. चॅसिसला पुन्हा रंग दिलेला असेल तर वायरीचा थिंबल (टोकाची धातूची कडी) रंगावरच आवळलेला सापडतो. नट काढा, खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल नवा लावा, आवळा आणि वरून पातळसं ग्रीस लावा. शिवाय बॅटरीच्या उणे टोकापासून थेट इंजिनाच्या एखाद्या बोल्टला २.५ चौरस मि.मी.ची एक जादा वायर टाका. ही वायर मूळ नकाशात असो वा नसो, जुन्या गाडीत ती असावीच. इंजिन माउंटिंगच्या गंजलेल्या बोल्टांवर अर्थचा भार ठेवणं शहाणपणाचं नाही.

अर्थ खराब असल्याची खूण सोपी आहे. इंडिकेटर लावला की टेललॅम्प त्याच्या तालावर मंद होतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधूक पेटतो. एका दिव्याचा करंट घरी परतायला दुसऱ्या दिव्याची वाट शोधत असतो.

कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतं का

सुई मध्यावर अडकलेल्या गाडीत हा भाग आधी करा. सुई फिरते पण स्पार्क पिवळट आणि दुबळा आहे, अशा गाडीतही करा, कारण जुन्या वायरिंगमध्ये दीड-दोन व्होल्ट वाटेतच मरतात.

पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन ठेवा, किल्ली लावा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या अधिकला आणि काळं टोक कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टर्मिनलला लावा. या वाटेवर किती व्होल्ट हरवले तेच मीटर दाखवेल. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड दिसलं तर काळं टोक मागे सरकवत या: किल्लीचं बाहेरचं टर्मिनल, किल्लीचं आतलं, अँपिअर मीटरचे दोन नट, फ्यूजची दोन्ही बाजू. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्यांच्या मधे. बहुतेक वेळा तो इग्निशन स्विचच्या आतले झिजलेले कॉन्टॅक्ट, काचेच्या फ्यूजच्या गंजलेल्या पकडी किंवा अँपिअर मीटरमागचे ढिले नट यांपैकी एक निघतो.

आता परतीची वाट. लाल टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, काळं बॅटरीच्या उणेला. पॉइंट मिटलेले असताना इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसलं तर पॉइंट घाण आहेत किंवा अर्थ. काळं टोक पॉइंटच्या प्लेटवर टेकवा. आकडा तेवढाच राहिला तर पॉइंट, कमी झाला तर अर्थ.

पॉइंट उघडल्यावर याच टर्मिनलवर बॅटरीइतकं व्होल्टेज दिसलं पाहिजे. शून्यच राहत असेल तर कॉइलवरून पॉइंटची वायर काढा. आता कॉइलच्या त्या टर्मिनलवर १२ व्होल्ट आले, तर कॉइल चांगली आहे आणि शॉर्ट पुढे आहे. तरीही शून्य, तर कॉइलचं प्रायमरी वेटोळं तुटलं आहे.

रस्त्यात मल्टिमीटर नसेल तर बॅटरीच्या अधिकपासून कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलला थेट वायर टाका. गाडी चालू झाली, तर दोष किल्ली, अँपिअर मीटर, फ्यूज किंवा मधल्या वायरिंगमध्ये. या वायरीत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असावा. आणि लक्षात ठेवा, आता किल्ली फिरवून गाडी बंद होणार नाही. डिकॉम्प्रेशन लिव्हर दाबून बंद करा आणि लगेच वायर सोडवा.

पॉइंट: इथे वेळ द्या

डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून इंजिन फिरवा. गाडी मधल्या स्टँडवर, प्लग काढलेला, चौथा गिअर, आणि मागचं चाक हाताने पुढे. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला की अंतर सर्वांत जास्त असतं. तिथे फिलर गेजने मोजा: ०.३५ ते ०.४० मि.मी. गेज हलकासा घासत जावा, पॉइंटला ढकलू नये. स्थिर पॉइंटचा स्क्रू किंचित ढिला करून अंतर जुळवा, आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना ते हमखास हलतं.

मोजण्याआधी पृष्ठभाग पाहा. राखाडी, मॅट दिसणारे पॉइंट उत्तम काम करतात, ते आरशासारखे चमकायची गरज नसते. काळा, तेलकट थर असेल तर कुठून तरी तेल किंवा जादा ग्रीस येतंय. एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असेल तर कंडेन्सरकडे संशयाने बघा. टेकडी बारीक पॉइंट फाइलने किंवा बारीक पॉलिश पेपरने काढा. खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासू नका, पॉइंटचा कडक धातू संपतो. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेला स्वच्छ कागद पॉइंटमध्ये धरून ओढा, मग कोरडा कागद. कागदावर काळी रेघ उमटेनाशी झाली की झालं. पॉलिश पेपरचा एक कणही आत राहिला तर पॉइंट मिटल्यासारखे दिसतात आणि करंट जात नाही.

नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो न पुसता बसवले की सुई मध्यावरच राहते आणि "नवीन पॉइंट टाकले तरी गाडी सुरू होईना" अशी अवस्था येते. दुसरी चूक फायबर वॉशरची. हलत्या पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलची वायर एकाच स्क्रूवर येतात, आणि हा सगळा गठ्ठा प्लेटपासून वेगळा राहिला पाहिजे. वॉशर विसरला किंवा थिंबलचं टोक झाकणाला टेकलं की सुई उणे बाजूला अडकते. काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. झाकण बसवल्यावर सुई पुन्हा तपासा, कारण काही वेळा झाकण बसल्यावरच शॉर्ट होतो.

कॅमवर ग्रीसचा बोट फिरवल्याइतका पातळ थर द्या. अजिबात नसेल तर पॉइंटची टाच झिजते, अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे पडतं, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. सहा महिन्यांपूर्वी उत्तम चालणारी गाडी काहीही न बदलता सुस्त होते, त्याचं हे नेहमीचं कारण.

कॅमच्या शाफ्टला बोटांनी आडवं हलवून पाहा. तो लक्षात येईल इतका हलत असेल तर बुश झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्यूटरमध्ये अंतर कितीही काळजीने जुळवा, चालत्या इंजिनात ते दर फेरीला वेगळं असतं. बुश बदलण्याला पर्याय नाही.

प्लेटखाली वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारा ऑटो अॅडव्हान्स असतो: दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. कॅम बोटांनी फिरवून सोडला की तो झटकन जागेवर आला पाहिजे. अर्धवट अडकला तर वजनं साफ करून पिव्होटवर तेलाचा एकेक थेंब द्या. वजनं बाहेरच्या स्थितीत अडकली की गाडी किक उलटी मारते, आणि बुलेटची उलटी किक घोटा मोडू शकते. हे काम उद्यावर ढकलू नका.

कंडेन्सर

कंडेन्सरची कामं दोन: पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं आणि कॉइलमधला करंट झटक्यात तोडणं. करंट जितका झटक्यात तुटेल तितका प्लगवरचा स्पार्क जोरदार. क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. मीटरला मोजायची सोय असेल तर ०.१८ ते ०.२५ चालेल.

अंधारात झाकण काढून, किल्ली लावून पॉइंट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उघडमीट करा. तिथे अगदी बारीक ठिणगी दिसली तर ठीक. जाड, पांढरी-निळी ठिणगी तडतडत असेल आणि प्लगचा स्पार्क दुबळा असेल, तर कंडेन्सर आतून तुटलेला आहे किंवा त्याच्या डब्याचा अर्थ नीट नाही. पटकन खात्री करायची तर चांगल्या कंडेन्सरची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावा आणि त्याचा डबा इंजिनाच्या स्वच्छ भागाला टेकवा. लगेच फरक पडला तर उत्तर मिळालं. जुना शॉर्ट असेल तर मात्र त्याची वायर आधी काढावी लागते.

बाजारात हलक्या दर्जाचे कंडेन्सर खूप आहेत आणि ते थंड असताना पास होतात. म्हणून चांगला चालणारा जुना कंडेन्सर उगाच बदलू नका, आणि बदललाच तर जुना टूलबॉक्समध्ये जपून ठेवा.

कॉइल, एचटी वायर, कॅप, प्लग

प्लग काढून कॅपमध्ये बसवा आणि त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडच्या पंखावर घट्ट टेकवा. प्लगच्या छिद्रापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येते. किल्ली लावून, पॉइंट मिटलेल्या स्थितीतून ते स्क्रूड्रायव्हरने झटक्यात उघडा. दर उघडण्याला एक स्पार्क पडला पाहिजे. किकही मारावी लागत नाही. एचटी वायरला उघड्या हाताने धरू नका.

स्पार्क नाही किंवा पिवळसर आहे? कॅप एचटी वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक इंजिनापासून ५-६ मि.मी. लांब ठेवून पुन्हा करा. आता निळा, टचकन आवाज करणारा स्पार्क उडी मारतो, तर कॅप किंवा प्लग खराब. कॅपमध्ये बहुधा ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मोजल्यावर अनंत किंवा दर वेळी वेगळा आकडा आला तर टाकून द्या. वायरचं टोक काळं पडलं असेल तर ५ मि.मी. कापून ताज्या तांब्यात कॅपचा स्क्रू फिरवा.

कॉइल मोजताना सगळ्या वायरी काढा. १२ व्होल्टच्या कॉइलचं प्रायमरी साधारण ३ ते ४.५ ओहम, सेकंडरी काही हजार ओहम. आकडे बरोबर आले म्हणजे कॉइल चांगलीच असं मात्र नाही. आतल्या इन्सुलेशनमधून गळणारा हाय टेन्शन करंट मल्टिमीटरला दिसत नाही. तिथे चांगली कॉइल लावून बघणं हाच खरा निकाल. जोडणीतही लक्ष द्या: अधिककडचं टर्मिनल किल्लीकडून, उणेकडचं पॉइंटकडे. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंड सकाळी किका वाढतात.

प्लगचं अंतर ०.५ ते ०.६ मि.मी. नवा घेताना थ्रेडची लांबी जुन्याइतकीच हवी. लांब थ्रेडचा प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय आणि जळत नाही. कोरडा ठणठणीत आणि स्पार्क उत्तम, तर इलेक्ट्रिकल शोधणं थांबवून पेट्रोल बघा.

टायमिंग

आधी पॉइंटचं अंतर, मगच टायमिंग. अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं.

बुलेट ३५० ला वजनं मिटलेली असताना पॉइंट उघडायची जागा म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मि.मी. खाली, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर. टॅपेटचं झाकण काढा. पिस्टन वर असताना दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरले तर तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. प्लगच्या छिद्रातून सायकलचा स्पोक सोडून सर्वांत वरची जागा खूण करा. छिद्र तिरपं आहे, म्हणून स्पोक दोन्ही वेळा एकाच कोनात आणि एकाच जागी टेकवा. चाक फिरवताना स्पोक आत अडकू देऊ नका.

आता चाक थोडं मागे फिरवून पिस्टन खुणेच्या बराच खाली न्या आणि मग पुढे फिरवत ०.८ वर आणून थांबवा. मागून थेट खुणेवर थांबलात तर टायमिंग गिअरमधली ढिलाई मोजमापात शिरते. बऱ्याच जणांचं टायमिंग इथेच चुकतं.

पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरा आणि हलकी ओढत राहा. डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाचे नट ढिले करून तो किंचित फिरवा. पट्टी जिथे सुटते तीच उघडायची जागा. तिथे आवळा. किल्ली लावून अँपिअर मीटरवरही पडताळा: सुई उणेवरून मध्यावर येते तोच क्षण. कागद आणि सुई दोघांचं एकमत झालं पाहिजे.

टायमिंग फार पुढे असेल तर उलटी किक, चढावर खडखडाट. फार मागे असेल तर दम नाही, इंजिन भाजतं, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो, उतारावर फटाके फुटतात.

फ्यूज लावला की उडतो

मोठा फ्यूज घालू नका आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच गुंडाळू नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालून जातं. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत २१ वॉटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. आता एकेक जोड सोडवत जा. बल्ब मंद झाला किंवा विझला, ती शाखा दोषी. किल्ली लावून हे करताना पॉइंट उघडे ठेवा, नाहीतर कॉइलच बल्ब पेटवेल.

शोध नेहमीच्या जागांपासून सुरू करा: हँडल वळतं तिथे हेडच्या नळीजवळ चुरगळलेल्या वायरी, हेडलाइटच्या पोटातला गुंता, सीटखाली दबलेला हार्नेस (वायरींचा जुडगा), मागच्या मडगार्डच्या आतून जाणारी टेललॅम्पची वायर. हँडल दोन्ही टोकांना वळवत बल्बवर लक्ष ठेवा. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. तीस वर्षांत किती हात लागले त्याचा हिशोब नसतो.

चार्जिंग

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. मध्यम थ्रॉटलला १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत, आणि सुई अधिक बाजूला. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे, बॅटरीचं पाणी उडेल आणि बल्ब फुटतील. थ्रॉटल वाढवूनही १२.५ च्या आसपासच राहिलं, तर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरी कनेक्टरपासून सोडवून एसी व्होल्ट मोजा. थ्रॉटलबरोबर एसी वाढत असेल तर अल्टरनेटर ठीक, रेक्टिफायर-रेग्युलेटर किंवा मधला जोड खराब. एसीच येत नसेल तर स्टेटर (अल्टरनेटरचं स्थिर वेटोळं) खराब.

अल्टरनेटर डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये, तेलाच्या सहवासात आहे. वायरींचं आवरण तेलाने फुगून फाटतं, बाहेर पडायच्या जागी ग्रोमेट कापतं. चेनकेस उघडलाच आहे तर रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) आणि स्टेटरमधलं अंतर चारी बाजूंनी पाहा. निदान ०.२ मि.मी.चा गेज सगळीकडे गेला पाहिजे. एका बाजूला चकाकलेला पट्टा दिसला तर रोटर घासतोय: स्टेटरचे नट आणि क्रँकचे बेअरिंग तपासा.

अधूनमधून येणारे दोष

अर्धा तास चालून बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की सुरू होते: कंडेन्सर किंवा कॉइल गरम झाल्यावर दगा देतात. पण टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी हुबेहूब हेच होतं. म्हणून बंद पडल्या क्षणी दोन गोष्टी करा: झाकण उघडा, आणि थंड होण्याआधी स्पार्क बघा. आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे, मग कॉइल.

खड्ड्यांत मिसिंग: बॅटरीचं टर्मिनल, किल्लीच्या वायरी, फ्यूजच्या पकडी. मोठ्या वेगात मिसिंग: पॉइंटची मरगळलेली स्प्रिंग किंवा प्लग. फक्त पावसात किंवा धुतल्यावर: कॅप, एचटी वायर, डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात साचलेला दमटपणा. कोकणातल्या पावसाळ्यात हे नित्याचं आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारा. गळका करंट निळ्या रेघेसारखा इंजिनावर उडताना दिसेल. वायर बदला, टेप गुंडाळून भागवू नका.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं असेल तर बसवा, चांगलं चालतं. फक्त आधी वरचं अर्थ आणि व्होल्टेजचं काम पूर्ण करा, कारण कमी व्होल्टेजला तो संच पॉइंटपेक्षा लवकर हात टेकतो. आणि मूळ प्लेट, पॉइंट व कंडेन्सर जुळवलेल्या स्थितीत डबीत ठेवा. लांबच्या रस्त्यावर ती डबी, एक प्लग, चार फ्यूज, बल्ब आणि दोन मीटर वायर एवढं सीटखाली असू द्या.